सतरा हजार युनिट

३ ऑगस्ट

धाकट्या,

पत्र पाहून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. बॉयलर गेला.

एप्रिलपासून त्याच्या पोटात खडखड होती. परवा मेकॅनिक आला, झाकण काढून आत बॅटरी मारली, आणि ऑपरेशन करून बाहेर आलेले डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तसा चेहरा करून म्हणाला, "आतून फुटलाय. वेल्डिंग मारून देतो, पण मग हिवाळ्यात मला शिव्या घालायच्या नाहीत." एकोणतीस वर्षं चालला. बाबांनी घरात घेतलेली शेवटची मोठी वस्तू.

आता दोन वाटा आहेत. एक, घर तापवायला तेलावरचाच नवा बॉयलर. तीन लाख. दुसरी म्हणजे जमिनीतली ऊब. मागच्या अंगणात शंभर-शंभर मीटरचे दोन बोअर मारायचे, त्यांत नळ्या सोडायच्या, नळ्यांतून पाणी फिरवायचं आणि खालून आलेली ऊब एका यंत्राने घरभर सोडायची. उन्हाळ्यात उलटं, घरातली उष्णता खाली नेऊन सोडायची. अठरा लाख. त्यातले चार सरकार देतं, म्हणजे आपल्या खिशातून चौदा. बोअरवाला सरळ माणूस वाटला. मी विचारलं, "एवढ्या खाली गरम असतं?" तर म्हणाला, "गरम नाही हो बाई, सारखं असतं. बाराही महिने अकरा-बारा डिग्री. वर काय चाललंय याचा त्याला पत्ताच नसतो."

घराच्या कागदांवर आपल्या दोघांची नावं आहेत, तेव्हा अनुदानाच्या अर्जावर तुझीही सही लागेल. शेवटची तारीख तीस सप्टेंबर. शिवाय बाबा गेल्यावर आपण ठरवलं होतं की छपराचा आणि उबेचा खर्च निम्मा-निम्मा, त्यामुळे तुझं मत न घेता मी काही करणार नाही. आयुष्यभर शीतगृहातली यंत्रं सांभाळलीस, यातलं तुला कळतं, मला नाही. कोटेशन सोबत जोडलंय. तेल वर्षाला सहाशे लिटर लागतं, साधारण साठ हजारांचं.

फोन करू नकोस. चौतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये बसून दुसऱ्यांचे फोन जोडले, आता कानाला काही लावावंसं वाटत नाही. आकडे कागदावरच बरे.

शिवणकाम चालू आहे. हिवाळ्याआधी कोटांची अस्तरं बदलून घ्यायला लोक यायला लागलेत.

ताई

१४ ऑगस्ट

ताई,

कोटेशन बारकाईने पाहिलं. माणूस लबाड नाही, भाव बरोबर आहेत. यंत्र म्हणजे आपला फ्रिजच. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. इथे अंगण म्हणजे फ्रिजची आतली बाजू आणि तुझं घर म्हणजे मागची जाळी. एक युनिट वीज घालायची, साडेतीन युनिट ऊब मिळते. जादू नाही, पण जादूच्या जवळचं आहे.

आता हिशेब. सहाशे लिटर तेलातून तुला वर्षाला पाचेक हजार युनिट ऊब मिळते. तेवढीच या यंत्रातून घेतलीस तर विजेचे सतरा हजार होतील. म्हणजे साठाचे सतरा, वर्षाला त्रेचाळीस हजार वाचले. चांगलं वाटतं ना? पण बॉयलरपेक्षा अकरा लाख जास्त घालायचेत. अकरा लाखांना त्रेचाळीस हजारांनी भाग. सव्वीस वर्षं. तू सहासष्ट वर्षांची आहेस.

वाईट वाटून घेऊ नकोस, पण हा धंदा तोट्याचा आहे. ज्यांचं बिल मोठं त्यांना हे परवडतं. तुझं बिलच इतकं छोटं आहे की वाचवायला काही उरलेलं नाही. पाच खोल्यांचं घर सहाशे लिटरमध्ये! मी इथे सगळ्यांना सांगतो, बाबांनी भिंती बांधाव्यात आणि ताईने घर चालवावं.

एक सुचवू? एवढं मोठं घर, तू एकटी. त्याच्यात अजून पैसे ओतण्याआधी पुढचं काय ते जरा बसून ठरवू. घाई नाही.

ही ठीक आहे. पोरगा नव्या नोकरीत रमलाय, आठवड्यातून एकदा आवाज ऐकवतो.

धाकटा

२ सप्टेंबर

धाकट्या,

मंगळवारी सकाळी दारात एक गृहस्थ उभे. हातात मोजपट्टी, काखेत वही. उबेच्या कंपनीकडून मोजणीला कोणीतरी येणारच होतं, मला वाटलं तेच. आत घेतलं, चहा केला, सगळ्या खोल्या दाखवल्या. खिडक्या कुठून गळतात, बाबांनी जिन्याखाली कपाट का केलं, सगळं सांगितलं. त्यांनीही मान डोलावत लिहून घेतलं. शेवटी वही मिटून म्हणाले, "वर कोणी राहत नाही वाटतं. मग रिकामं कधीपर्यंत कराल?"

मी म्हटलं, "यंत्र बसवायला घर रिकामं करावं लागतं?"

बिचाऱ्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्याने तुझं नाव सांगितलं आणि जूनची तारीखही सांगितली. म्हणजे बॉयलर फुटायच्या दोन महिने आधीची.

यावर मला लिहिण्यासारखं काही नाही. तुला असेल तर लिही.

ताई

१३ सप्टेंबर

ताई,

चूक माझी. त्या माणसाला मी सांगितलं होतं की घराची नुसती अंदाजे किंमत कळव, घरी जाऊ नकोस. पण हे सांगून मी काही शहाणा ठरत नाही. तुला न विचारता किंमत काढली, एवढं पुरे आहे.

जे दडवलं ते सांगतो. आमचं शीतगृह मार्चमध्ये बंद होतंय. नवं शहराबाहेर बांधलंय. तिथे आम्हा बारा जणांचं काम दोन माणसं आणि संगणकाचा एक पडदा करणार. मला मे महिन्यातच पत्र मिळालं. सोडताना ठरावीक रक्कम मिळेल, पण फ्लॅटचं कर्ज अजून सहा वर्षं आहे आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मला कोण घेणार. ही म्हणाली, "ताईंना सांगा." मी म्हटलं, सांगून काय, तिला उगाच घोर. मग रात्रंदिवस डोक्यात एकच, घर विकलं तर माझ्या वाट्याने कर्ज फिटेल आणि तुझ्या वाट्याने तुला आमच्या इमारतीतच दोन खोल्या येतील. तुझ्याच सोयीचं आहे असं मी स्वतःला पटवलंही होतं.

अर्जावर सही अजून केलेली नाही. खोटं बोलत नाही, मला ठरवता येत नाहीये. कंपनीची खरी मोजणी झाली असेल तर तिचा कागद पाठव. निदान आकडे तरी पक्के असू देत.

धाकटा

१९ सप्टेंबर

धाकट्या,

नोकरीचं वाचलं. आधी सांगितलं असतंस तर मी काही केलं असतं असं नाही, पण तुझ्याबरोबर काळजी तरी केली असती. मलाही ती करता येते.

मोजणी झाली. एक बाई आल्या होत्या, तुझ्या मुलाएवढ्याच, पण कामात चोख. प्रत्येक भिंतीला हात लावून पाहिलं, खिडक्यांची मापं घेतली, माळ्यावर चढल्या. खाली उतरल्यावर म्हणाल्या, "भिंती दिसायला जाड आहेत, आतून पोकळ आहेत. माळ्यावर तर ऊब अडवायला काहीच घातलेलं नाही." बाबांचं कौतुक जरा आवरतं घ्यावं लागेल. त्यांचा कागद सोबत आहे, मला त्यातलं फारसं कळलं नाही.

आता नीट ऐक. तुला घर विकायचं असेल तर मी अडून बसणार नाही. बाबांनी दोघांना दिलंय, एकटीला नाही. माझं शिवणयंत्र कुठेही बसतं. फक्त जे काय ते या महिन्यात कळव. ऑक्टोबर संपता संपता थंडी येते आणि घरात सध्या काहीच चालू नाही. मेकॅनिकलाही दोन आठवडे आधी सांगावं लागतं.

हे रागाने लिहिलेलं नाही. दोनदा वाचून मगच पाकिटात घातलंय.

ताई

२४ सप्टेंबर

ताई,

सही केलेला अर्ज याच पाकिटात आहे. लगेच भरून टाक, माझ्या पुढच्या पत्राची वाट पाहू नकोस.

आता एका प्रश्नाचं उत्तर दे. मोजणीच्या कागदाप्रमाणे ते घर हिवाळाभर वीस डिग्रीवर ठेवायला बावीस हजार युनिट ऊब लागते. मी तीनदा तपासलं. त्या मुलीचा हिशेब बरोबर आहे. तुझ्या सहाशे लिटर तेलातून मिळतात पाच हजार. पोकळ भिंती, उघडा माळा, आणि पाच हजार.

सतरा हजार युनिट कमी पडतात, ताई. यंत्रात असा फरक दिसला तर आम्ही म्हणतो, मीटर खोटं आहे किंवा माणूस खोटं बोलतोय. तेलवाल्याची बिलं तर खरी आहेत.

तू नक्की किती खोल्यांत राहतेस?

धाकटा

४ ऑक्टोबर

धाकट्या,

अर्ज भरला. पोच मिळाली.

एका.

स्वयंपाकघरात. खाट खिडकीपाशी आहे, शिवणयंत्र टेबलाजवळ. गिऱ्हाइकं मापं द्यायलाही तिथेच येतात. हिवाळ्यात बायका कोट काढायला कुरकुर करतात, मग मी शेगडीवर किटली ठेवते आणि काहीतरी विनोद करते. मोजणीवाल्या बाई आणि तो तुझा गृहस्थ यायच्या आधी मी वरच्या खोल्या झाडून, खिडक्या उघडून, पलंगांवर चादरी घातल्या होत्या. का घातल्या ते मलाही सांगता येणार नाही. पाहुण्यांना दाखवायचं घर वेगळं असतं ना, तसंच.

हे कसं झालं ते सांगते. यात कोणाला दोष द्यायचा नाहीये. नऊ वर्षांपूर्वी पोराचं हृदयाचं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यात तुझं तीन ओळींचं पत्र आलं होतं. ऑपरेशन नीट झालं, पैशाची ओढाताण आहे, आणि शेवटी, "यंदा तेलाचं जरा जपून." मी वरच्या तिन्ही खोल्यांचे रेडिएटर बंद केले. एक हिवाळा, त्यात काय मोठं. महिन्याभरात पुढची खोलीही बंद केली. वसंतात बिल पाठवलं तेव्हा तू उलट टपाली लिहिलंस, "वा ताई! निम्म्याहून कमी! हे कसं जमवलंस?"

पुढच्या वर्षी रेडिएटर उघडायचे होते. पण मग बिल वाढलं असतं आणि तू विचारलं असतंस, यंदा काय झालं. त्यापेक्षा बंद राहू देणं सोपं होतं. तिसऱ्या वर्षी मला त्याचं काही वाटेनासं झालं.

फार हाल झाले असं समजू नकोस. वर जायचं झालं तर कोट घालून जाते. कोपऱ्यातल्या खोलीची भिंत काळी पडलीय, तेवढं एक मनाला लागतं. सकाळी बोटं तासभर वळत नाहीत, म्हणून बारीक काम दुपारी करते. बाकी माणूस एकावेळी एकाच खोलीत असतो, मी तीच गरम ठेवली.

तू विचारलंस म्हणून लिहिलं. आता यावर पानंच्या पानं लिहू नकोस.

ताई

१५ ऑक्टोबर

ताई,

पानंच्या पानं लिहीत नाही. जमणारही नाही.

"तेलाचं जरा जपून" हे मी लिहिलेलं मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. "वा" मात्र आठवतं. ते बिल मी कामावर नेऊन दाखवलं होतं.

माझं काम उणे अठरा डिग्रीच्या खोल्या राखण्याचं. मासे आणि मटार. एखादं दार दोन मिनिटं जास्त उघडं राहिलं तर मीटर पाहून मला कळतं, कुठलं दार आणि कोणाच्या पाळीत ते सांगू शकतो. आणि तुझं बिल नऊ वर्षं माझ्या हातात येत होतं.

तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. मग म्हणाली, "दर वर्षी आपण त्यांच्या बिलाचं कौतुक करायचो. त्या वाचत असतील तेव्हा त्यांना काय वाटत असेल?" मी म्हटलं, "काय वाटणार." ती म्हणाली, "हेच. हे असं 'काय वाटणार' म्हणणं."

मग हिशेब पुन्हा मांडला, कारण मला दुसरं काही येत नाही. सगळं घर तेलावर गरम ठेवायचं म्हटलं तर पावणेतीन लाख लागतील. यंत्रावर पंचाहत्तर हजार. वर्षाला दोन लाखांची बचत, म्हणजे जास्तीचे अकरा लाख साडेपाच वर्षांत वसूल. सव्वीसचे साडेपाच झाले. कोणाही गिऱ्हाइकाला मी हा आकडा छातीठोक सांगितला असता. पण तोही खोटा आहे. तू पावणेतीन लाखांचं तेल कधीच जाळलं नसतंस. तुझ्या बाबतीत पहिला आकडा चुकीचा आणि दुसराही. या कागदावर बरोबर आकडाच निघत नाही.

म्हणून आकड्यावरून ठरवायचं सोडलं. त्या गृहस्थाला घर विकायचं नाही म्हणून कळवलंय. माझ्या वाट्याचे सात लाख मार्चमध्ये मिळणाऱ्या रकमेतून देईन. तोवर हिने तिची ठेव मोडायचं ठरवलंय. ठरवलंय म्हणजे मोडली. कर्जाचं आम्ही बघतो, मी काहीतरी काम शोधेन.

दोन गोष्टी बोअरवाल्याला सांग. हे यंत्र पाणी बॉयलरइतकं कडक तापवत नाही, त्यामुळे वरचे जुने रेडिएटर पुरणार नाहीत, मोठे लागतील. आणि आधी माळा भरून घ्या, नाहीतर ऊब छपरातून कावळ्यांना जाईल. दोन्ही त्याच किमतीत बसवायला लाव. त्याच्यासमोर उभी राहा आणि लाव.

धाकटा

२३ नोव्हेंबर

धाकट्या,

झालं एकदाचं. आधी अंगणाचं सांगते. अंगण राहिलेलं नाही. ट्रकएवढं यंत्र फाटकातून आत येईना, तेव्हा कुंपणाचे चार खांब काढले. पहिला बोअर दोन दिवसांत सरळ खाली गेला. दुसरा साठ मीटरवर अडकला. खाली भुसभुशीत वाळू लागली आणि भोक आतल्या आत ढासळायला लागलं. बोअरवाला टोपी काढून माझ्यासमोर उभा राहिला. "बाई, दोन मार्ग आहेत. इथेच थांबायचं तर ऊब कमी पडेल. खाली जायचं तर लोखंडी पाइप टाकत जावं लागेल. नव्वद हजार जास्त."

तुला विचारायला वेळ नव्हता, भोक तासाभरात बुजलं असतं. मी विचारलं, "कमी पडेल म्हणजे कुठे कमी पडेल?" तो म्हणाला, "वरची एखादी खोली बंद ठेवावी लागेल."

मी म्हटलं, "टाका पाइप."

हे नव्वद हजार माझे. निम्मे-निम्मे करायला येऊ नकोस, मी पाठवलेला आकडा बदलणार नाही.

अठरा तारखेला यंत्र सुरू केलं. मी हात लावून पाहते तर रेडिएटर नुसते कोमट. बाळाच्या आंघोळीच्या पाण्याएवढेही नाहीत. माझा संताप झाला. बोअरवाल्याला म्हटलं, "चौदा लाख नव्वद हजारांत हे?" त्याने शांतपणे हत्यारं पेटीत भरली. म्हणाला, "याला घाई नसते. उद्या सकाळी बोला."

सकाळी जाग आली ती बोअरच्या खडखडाटाने नाही, ट्रक गेला होता. सहज वर गेले. अर्ध्या जिन्यावर लक्षात आलं की कोट घातलेला नाही. परत फिरले, आणि मग विचार केला, कशाला? वर वीस डिग्री होते. कोपऱ्यातल्या खोलीतही वीस. मी एकेका खोलीत जाऊन नुसती उभी राहिले. मला वाटतं अर्धा तास गेला असेल. खाली गिऱ्हाईक घंटा वाजवत होतं ते ऐकूच आलं नाही.

पहिले दोन दिवस झोप लागली नाही, उकडत होतं. मग पांघरूण कमी केलं.

वहिनीला सांग, ठेवीचं मी विसरणार नाही. तिला वेगळं पत्र लिहिते आहे, तू ते वाचायचं नाही.

ताई

९ फेब्रुवारी

ताई,

नीट पोचलो. ही अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आहे की बाहेर बर्फ आणि आम्ही वरच्या खोलीत पंचा गुंडाळून फिरत होतो. मी घरभर थर्मामीटर घेऊन हिंडलो म्हणून तू हसलीस, पण सवय जात नाही. खोल्याखोल्यांत अर्ध्या डिग्रीचा फरक आहे. काम चांगलं केलंय त्याने.

एक पाहिलं, ते तिथे बोललो नाही. तू अजून प्रत्येक दार मागे लावून घेतेस. उठलीस की लावतेस, आलीस की लावतेस. मी दोनदा मुद्दाम उघडं ठेवलं, दोन्ही वेळा तू बोलता बोलता उठून लावलंस आणि बोलणं तसंच पुढे चालू ठेवलंस. मला वाटतं तुला कळलंही नाही.

काळ्या भिंतीवर मी चुना मारलाय, पण उन्हाळ्यात पुन्हा एक हात लागेल.

काम मिळालं. एप्रिलपासून, इस्पितळाच्या एसी प्लांटवर, निम्म्या पगारात, रोज सहा तास. साहेब माझ्या मुलापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे आणि मला काका म्हणतो. आठवडाभर राग आला, आता येत नाही.

धाकटा

२ डिसेंबर

धाकट्या,

यंत्राला वर्ष झालं. तू मागितलेस म्हणून आकडे कळवते. हिवाळ्याचे बहात्तर हजार. उन्हाळ्याचे चार. उन्हाळ्यात दोन आठवडे असे गेले की रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत होतं. यंत्र उलटं फिरवलं तर घर सव्वीसवर राहिलं. शेजारचे म्हातारे नवरा-बायको रोज दुपारी पत्त्यांचा डाव घेऊन यायचे आणि संध्याकाळी ऊन उतरलं की जायचे. तो माणूस पत्त्यांत लबाडी करतो आणि त्याच्या बायकोला ते माहीत आहे.

सगळे मिळून शहात्तर. आधी तेलाला साठ जात होते. म्हणजे सोळा हजार जास्त.

अनुदानवाल्यांनी एक फॉर्म पाठवला होता, वर्षभराने भरून द्यायचा. "यंत्रामुळे झालेली वार्षिक बचत." मी खरं ते लिहिलं, उणे सोळा हजार. आठ दिवसांत फॉर्म परत आला. म्हणून काल स्वतःच ऑफिसात गेले.

खिडकीत एक बाई होत्या, चष्मा कपाळावर. त्यांनी फॉर्म पाहिला. "आजी, या रकान्यात उणे चालत नाही. संगणक घेतच नाही. यंत्र बिघडलंय का?"

मी म्हटलं, "यंत्र ठीक आहे. आधीचं बिल बिघडलेलं होतं."

"म्हणजे?"

मग त्यांना सांगितलं. थोडक्यातच, मागे रांग होती. नऊ हिवाळे, एक खोली, सहाशे लिटर. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता कीव करणार. पण त्या कामाच्या बाई होत्या. म्हणाल्या, "ठीक आहे, बचत शून्य धरू. पण खाली आणखी एक रकाना आहे, 'इतर लाभ'. तो रिकामा सोडलात तर फाइल पुन्हा परत येईल. काय लिहू?"

एक्स्चेंजमध्ये इतकी वर्षं काढली, उत्तर द्यायला मला कधी वेळ लागला नाही. काल लागला. मागचा माणूस घसा खाकरायला लागला.

शेवटी म्हटलं, "लिहा, चार खोल्या."

त्यांनी लिहिलं, शिक्का मारला आणि पोचपावती दिली.

ताई